कुत्रे, खटका आणि अदमास

गेल्या उन्हाळ्यात महाविद्यालयातील एका निवृत्त सहकाऱ्यांनी घर आवरताना एक जुनी रेसिंग सायकल मला देऊन टाकली. त्यांच्या मुलाने ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशातून आणली होती. वाकड्या हँडलची, अरुंद चाकांची. सायकल धडधाकट होती. बिघाड होता तो उजव्या हाताच्या गिअरच्या खटक्यात. ब्रेकच्या दांड्यातच बसवलेला हा खटका आत ढकलला की बिजागरी सैल झालेल्या दारासारखा नुसता हलायचा. साखळी जागची हलत नसे. पुण्याच्या एका दुकानात विचारले तेव्हा उत्तर आले, की हा भाग उघडत नाहीत, बदलतात. आणि या जातीचा आता मिळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ‘हे उघडत नाही’ हे वाक्य सहजी पटत नाही. दुर्बोध संहिता बाजूला ठेवून द्यावी, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवत नाही. मी ती सायकल घेतली आणि त्या खटक्याच्या निमित्ताने त्याच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास युरोपात सुरू होत असला, तरी मला तो समजला धुळ्यात. म्हणून हे टिपण.

आजच्या घाटाची सायकल, म्हणजे दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ च्या ‘रोव्हर’पासूनची. तिला एकच गिअर होता. चढ आला की उतरायचे. इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब निघाला, फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचा कैवार घेऊन उभे राहिले. मात्र टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना हे मान्य नव्हते. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, असे त्यांचे मत होते. (प्रस्तुत लेखकाचे वय पाहता या मताशी वाद घालण्याचा अधिकार त्याला उरलेला नाही.) साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर उडवणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत प्रवेश मिळाला तो १९३७ मध्ये.

चाळीसच्या दशकात इटलीतील तुल्लिओ काम्पान्योलो यांची जी यंत्रणा शर्यतींत गाजली, तिच्यात दांडे मागच्या चाकापाशी असत. चालत्या सायकलवर मागे हात नेऊन एका दांड्याने चाक सैल करायचे, उलटे पायडल मारत दुसऱ्याने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. त्याच काम्पान्योलोंच्या १९५१ च्या ‘ग्रान स्पोर्ट’ने या कसरतीतून सुटका केली. आता फ्रेमच्या तिरप्या नळीवर बोटाएवढे दोन दांडे आले आणि वायर ओढली की मागची साखळी सरकू लागली.

या दांड्यांत खटका नव्हता. चकत्यांच्या घर्षणाने दांडा जिथे थांबवाल तिथे थांबत असे. किती ओढायचे हे स्वार ठरवी. साखळी कुरकुरली तर किंचित मागे, घसरली तर किंचित पुढे. यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: अदमास. तीन-साडेतीन दशके जगातल्या साऱ्या मोठ्या शर्यती या अदमासावर जिंकल्या गेल्या. दांडा सैल झाला तर वरचा स्क्रू आवळायचा, एवढीच दुरुस्ती.

पुढे १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने आपल्या शर्यतीच्या संचात दर गिअरला ‘टक्’ असा थांबा दिला आणि अदमास संपला. एका खटक्याला जेमतेम तीन मिलिमीटर वायर सरकते. ते मोजमाप आता बोटाकडून यंत्राकडे गेले. १९९० मध्ये हाच खटका ब्रेकच्या दांड्यात जाऊन बसला, १९९२ मध्ये काम्पान्योलोनेही आपली तशीच रचना आणली. हँडलवरचा हात न काढता गिअर बदलता येऊ लागला. सोय मोठी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नळीवरचे उघडे दांडे जाऊन त्यांच्या जागी एक बंद डबी आली. तिच्यात काय आहे हे स्वाराला ठाऊक असण्याची गरज राहिली नाही आणि दुरुस्त करणाऱ्यालाही ते ठाऊक असण्याची गरज नाही, असा समज हळूहळू रूढ झाला.

आता आपल्याकडे वळू. खानदेशचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढचे जळगाव आणि धुळे. हा तापीच्या खोऱ्यातला प्रदेश. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला निघाले तर नव्वदेक किलोमीटरांत दमछाक करणारा चढ लागत नाही. त्रास होतो तो उन्हाचा आणि वाऱ्याचा. चढ हवा असेल तर धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगकडे किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटाकडे जावे लागते. मुंबई-पुणे शर्यतीला बोरघाट आहे, म्हणून तिथे ‘घाटाचा राजा’ हा किताब जन्माला आला. सपाटीच्या मुलखाला असा राजा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे मोठे कारखाने निघाले. मद्रासजवळ टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियान्याला हिरो (१९५६). त्यांनी प्रामुख्याने काढली ती काळी, जड, एका गिअरची सायकल. दूधवाले, पोस्टमन, जळगावच्या खानदेश मिलचे आणि अमळनेरच्या प्रताप मिलचे कामगार, शिक्षक या सर्वांची सायकल हीच. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा, डबलसीटचा दंड आणि तासावर मिळणारी भाड्याची सायकल असे तिचे एक पूर्ण जग होते. या जगात गिअर नव्हता. म्हणून गिअरचा मिस्तरीही असणार नाही, असे मी धरून चाललो होतो. इथेच माझी चूक झाली.

उजवा खटका हँडलवरून सोडवून, रुमालात बांधून मी एसटीने धुळ्याला गेलो. आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत सत्तरीच्या घरातल्या एका मिस्तरींचे दुकान आहे. पाटीवर ‘ओव्हरऑइलिंग केले जाईल’ असे लिहिलेले. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. पण सायकल पूर्ण सोडून, छर्रे धुऊन, वाट्यांत ग्रीस भरून पुन्हा जोडायची या कामात ‘ऑइल’ दिसतेच. लोकव्युत्पत्तीचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

मिस्तरींनी खटका हातात घेतला, कानाशी नेऊन दोनदा हलवला. म्हणाले, “सर, आतलं कुत्रं बसत नाहीये.”

सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते, आणि तेव्हा जो कर्र-कर्र आवाज येतो तो आतल्या लहान पोलादी जिभांचा. स्प्रिंगच्या जोराने त्या दात्यांत अडकतात. एका दिशेने ओढ घेतात, दुसऱ्या दिशेने घसरतात. दुकानात या जिभेला ‘कुत्रे’ म्हणतात. इंग्रजी कारखान्यांतही अशा अडवणाऱ्या तुकड्याला कुत्र्याचेच नाव आहे. एकदा धरले की सोडायचे नाही, हा गुण दोन्हीकडे सारखाच ओळखला गेला. बंदुकीला घोडा, चाकाला कुत्रे. आपल्या अवजारांत असा गोठा जुनाच आहे.

मिस्तरींनी असा खटका पूर्वी कधी उघडला नव्हता, हे त्यांनी आधीच सांगितले. पण दाते असलेली चकती, तिला पुढे ढकलणारे एक कुत्रे, तिला मागे येऊ न देणारे दुसरे कुत्रे, ही रचना त्यांनी पन्नास वर्षे फ्रीव्हीलमध्ये हाताळली होती. खानदेशच्या गिरण्यांतही ती होतीच. विणलेले कापड गुंडाळणारा रूळ एकेका दाताने पुढे नेणारे आणि मागे फिरू न देणारे चाक हे त्याच कुळातले. बंद डबीच्या आत नवे असे फारसे नव्हते. उलट फिरताना एकाच दाताला थांबावे, एवढी युक्ती जास्तीची, आणि तीही भिंतीवरच्या घड्याळात जुनी आहे.

आधी डिझेलमध्ये बुडवून ठेवून पाहिले. वीस-पंचवीस वर्षांत ग्रीसचे मेण झाले होते. कुत्रे वर उचललेल्या स्थितीत चिकटले होते आणि केसासारखी स्प्रिंग त्याला खाली आणू शकत नव्हती. सात खटक्यांपैकी तीन लागू लागले, पुढे नाहीत. मग उघडायचे ठरले. मिस्तरींनी जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरले आणि निघेल तो भाग निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेले. स्क्रू, टोपण, सर्कलिप, चकती, वॉशर, कुत्रे, स्प्रिंग, पुन्हा चकती. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात मी सुट्या पानांच्या पोथ्या पाहिल्या आहेत. पृष्ठांक नसलेल्या पोथीचे पान एकदा इकडचे तिकडे झाले की संपादकाचे जे होते, त्याची भीती मला त्या वर्तमानपत्राकडे पाहताना वाटत होती.

भीती खरी ठरली. जोडताना एक वॉशर उलटा बसला आणि मुख्य स्प्रिंगला पीळ न देताच टोपण लावले गेले. सगळे भाग जागेवर होते. खटका मात्र मेलेला. दुसऱ्यांदा सर्व काढले. मिस्तरींनी स्प्रिंगचे टोक पक्कडीने धरून अर्धा वेढा फिरवला आणि तसेच धरून ठेवत मला म्हणाले, “आता तुम्ही लॉक लावा, बोट काढू नका.” किती पीळ द्यायचा हे कुठे लिहिलेले नव्हते. शिमानोने जो अदमास स्वाराच्या बोटातून काढून घेतला होता, तो खटका जोडणाऱ्याच्या बोटात शिल्लक होता. सातही खटके लागले. सहावा अजून थोडा जड आहे.

असो. या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की पुण्याच्या दुकानदाराकडे त्या भागाचे नाव नव्हते, सुटा भाग मागवण्याचा क्रमांक तेवढा होता. मिस्तरींकडे नाव होते, म्हणून त्यांना बिघाड ऐकू आला. हा शब्दांचा साठा कुठेही नोंदलेला नसला तर तो त्यांच्याबरोबर जाईल, आणि पाठोपाठ ती दुरुस्तीही जाईल. धुळ्यातच १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे वारले. शब्दाचे मूळ शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांचा धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून या शहरात आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंमुळे ‘घरोटा’ हा जात्यासाठीचा शब्द १९५२ मध्ये छापील पुस्तकात आला आणि पाठ्यक्रमातही गेला. सायकलच्या दुकानाला असा कवी मिळाला नाही, कोशकारही नाही. बोलीच्या अभ्यासासाठी आपण विद्यार्थ्यांना शेतात, लग्नघरात आणि बाजारात पाठवतो. दुकानाच्या पायरीवर बसवत नाही.

निघताना मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काही शब्द उतरवून घेतले. कुत्रे, वाटी, छर्रा, चिमटा, आऊट काढणे. मिस्तरी पाहत होते. म्हणाले, “सर, एवढं लिहायला काय आहे त्यात? हे तर सगळ्यांना माहीत असतं.” मी परतीच्या एसटीत ती कडा फाडून वहीत ठेवली. डावा खटका अजून उघडायचा आहे. पुढच्या वेळी दोन विद्यार्थी आणि एक वही सोबत नेण्याचा विचार आहे.