पीथमपूरचं इंजिन आणि जुन्या कॉन्टेसाचा भाव

विमा सर्व्हेअरला धडक कुठून बसली, पत्रा किती गेला, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. अवघड प्रश्न वेगळाच असतो. गाडी पार निकामी झाली, तर अपघाताच्या आदल्या दिवशी तिची किंमत काय होती? 1980 च्या दशकात मी इंदूरला हे काम सुरू केलं, तेव्हा त्यासाठी आजच्यासारखा ठरलेला तक्ता नव्हता. पॉलिसीवर मालकाने सांगितलेला आकडा असे, पण भरपाई बाजारभावाने व्हायची. आणि बाजारभाव विचारायचा तो नवलखा भागातल्या आणि ए.बी. रोडवरच्या गॅरेजांत बसणाऱ्या दलालांना. त्यांच्याकडे चहा झाल्याशिवाय माझा रिपोर्ट पुरा होत नसे. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव कसा हलतो, हे मी तिथे शिकलो. ही हकीगत कुणीतरी मराठीत लिहून ठेवावी असं फार दिवस मनात आहे, कारण तिच्यातलं एक इंजिन आपल्याच शेजारी, पीथमपूरला बनत होतं.

त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं मात्र हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. नवं म्हणावं असं मॉडेल येतच नव्हतं. अ‍ॅम्बेसेडर 1957 पासून होती तीच. फियाट 1100 ची सत्तरच्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. जाळी आणि दिवे बदलले, खालची गाडी जुनीच राहिली. मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर 1959 चा नियंत्रण हुकूम होता, किंमतही सरकार बांधून देई, आणि त्या किमतीवरून प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. अशा बाजारात वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. स्नेहलतागंजात राहणाऱ्या आमच्या डॉक्टर काकांनी फियाट नोंदवली आणि कित्येक वर्षांनी त्यांचा नंबर लागला. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी एक दलाल घरी हजर. वर चांगला ऑन देतो, म्हणाला. काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, ‘‘अहो, अजून हिला कुंकू लावलेलं नाही.’’ गाडी विकली नाही, पण त्या काळात किंमत गाडीला नव्हती, मिळण्याला होती, हे मला त्या वयातही कळलं.

इंदूरने त्याच्याही आधी अगदी उलटा काळ पाहिलेला आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांना जगातलं हवं ते मॉडेल हवं तेव्हा मिळत होतं. माणिकबाग राजवाड्यासाठी त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराला बोलावलं, तीच नजर त्यांच्या मोटारींच्या निवडीत दिसते. त्यांतली सर्वांत नावाजलेली ड्यूसेनबर्ग एसजे, 1935 ची. चेसिस अमेरिकन, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी आणि काळा. ड्यूसेनबर्गने 1928 च्या डिसेंबरात मॉडेल जे आणलं तेव्हा त्याची ताकद 265 अश्वशक्ती सांगितली जाई, आणि नुसत्या चेसिसची किंमत 8,500 डॉलर होती, बॉडी वेगळी. 1932 मध्ये सुपरचार्जर लावलेलं एसजे आलं, 320 अश्वशक्तीचं. मग काही जे-मालकांनी आपल्या गाडीलाही नंतर सुपरचार्जर बसवून घेतला. नवं येताच जुन्याला नव्यासारखं करून घ्यायची ही धडपड माझ्या लक्षात राहिली आहे, कारण हेच पुढे मी आपल्याकडे पाहिलं. 1937 मध्ये ड्यूसेनबर्ग बंद पडली. महायुद्धानंतर अमेरिकेत या गाड्या जुनाट, पेट्रोल पिणाऱ्या म्हणून कवडीमोलाने गेल्या. आणि 2018 मध्ये अभिनेता गॅरी कूपरची ड्यूसेनबर्ग लिलावात 2 कोटी 20 लाख डॉलरांना विकली गेली.

आता आमच्या दलालांकडे येतो. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 चं वाटप सुरू झालं. पहिल्या दिवसात मारुतीवरही ऑन होताच, पण कारखाना गाड्या काढत राहिला तसा ऑन विरत गेला, आणि फियाटचा दलाल पहिल्यांदा हात जोडून गिऱ्हाईक शोधू लागला. 1986 मध्ये मारुतीची बॉडी बदलली, इंजिन तेच 796 सीसीचं. दोन-तीन वर्षांच्या चांगल्या मारुत्या त्या बदलाने ‘‘पुराने शेप की’’ झाल्या. चालवायला फरक जवळजवळ नाही, तरी नजरेच्या एका फरकाने सौद्यात मोठी घासाघीस व्हायची. नवं मॉडेल नुसतं जाहीर झाल्याने जुनं पडत नाही, ते शोरूममधून सहज मिळू लागलं की पडतं. हे मला मारुतीने शिकवलं. ज्या महिन्यात वेटिंग संपलं, त्या महिन्यात जुन्याचा भाव खाली आला.

पण आमच्या भागातलं खरं उदाहरण कॉन्टेसाचं. हिंदुस्थान मोटर्सने ती 1984 च्या सुमारास आणली, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे साचे घेऊन. लांब बॉनेट, रुंद बसकण, रस्त्यावरून गेली की माणसं वळून बघायची. स्पोर्ट्स कार म्हणावी असं आपल्या रस्त्यांवर जवळपास काहीच नव्हतं, त्यामुळे मालवा मिलच्या पोरांपासून सराफ्यातल्या शेटजींपर्यंत सगळ्यांच्या मनात ती जागा कॉन्टेसानेच घेतली. आत मात्र अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन, पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, आणि चार गिअर. मानपूरचा घाट चढताना ती भारी बॉडी ओढता ओढता इंजिन धापा टाकी. मग दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यात जपानच्या इसुझूचं इंजिन बनू लागलं. 1.8 लिटर, 88 अश्वशक्ती, पाच गिअर. कॉन्टेसा क्लासिकमध्ये ते बसलं आणि बाहेरून तीच दिसणारी गाडी आतून दुसरीच झाली.

जुन्या इंजिनाच्या कॉन्टेसाचा भाव तेव्हा कसा घसरला, ते मी बघितलं आहे. मारुतीचा शेप बदलला तेव्हा गिऱ्हाईक डोळ्याने भाव करत होतं. कॉन्टेसाचा भाव दलाल कानाने करू लागले. गाडी दारात आली की आधी बॉनेट उघडायचं, मग एकच प्रश्न: ‘‘इंजन पीथमपुर का है?’’ नाही म्हटलं की चहासुद्धा अर्धाच. शहाण्या मालकांनी गाडी लगेच काढली, हौशी मालकांनी जुन्या बॉडीत नवं इंजिन बसवलं. पेट्रोल 1990 च्या आखाती संकटानंतर महागलं तेव्हा काहींनी डिझेलही टाकलं.

त्यातून माझं काम वाढलं. इंजिन बदललं तर आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो, आणि पुष्कळांनी तो चढवलेला नसे. क्लेम आला की मी आधी नंबर शोधायचो. इंजिनाच्या ब्लॉकवरचं तेल चिंधीने पुसायचं, रॉकेलने मळ सोडवायचा, मग त्यावर पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवायची. राखाडी रेघांमधून आकडे पांढरे उमटत. चेसिसचाही तसाच ठसा. दोन्ही आरसीशेजारी ठेवले की कळे, ही गाडी कुठल्या मॉडेलच्या भावाने मोजायची. मागे इसुझूचा बिल्ला चिकटवलेली पण आत जुनंच इंजिन असलेली कॉन्टेसा मी पाहिली आहे. त्या मालकाने बिल्ला पाहूनच ती विकत घेतली होती, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून आकडा सांगणं मला जड गेलं.

1 जुलै 2002 पासून मोटार विम्याचं नवं टॅरिफ आलं. पॉलिसीतली किंमत कंपनीच्या विक्रीभावावरून मोजायची, आणि वयाप्रमाणे कपात: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40, आणि पाच वर्षं भरताना 50. भांडणं कमी झाली, हे मान्य. पण मॉडेल बदलल्याने काय होतं ते या पायऱ्यांना कळत नाही. म्हणून त्याच टॅरिफमध्ये लिहिलं की पाच वर्षांवरच्या आणि कंपनीने बनवणं बंद केलेल्या मॉडेलची किंमत विमेदार आणि विमा कंपनी यांनी आपसात ठरवावी. मला ते कलम फार आवडतं. जुनी गाडी दरवेळी खालीच जाते असं त्याने गृहीत धरलेलं नाही.

ती वरही जाते. जर्मनीत पोर्शेने 911 चं हवेने थंड होणारं शेवटचं मॉडेल, 993, थांबवून पाण्याने थंड होणारं 996 आणलं, आणि आज जाणकार जास्त पैसे मोजतात ते जुन्या 993 ला. आपल्याकडे 1985 ते 1996 बनलेल्या यामाहा आरएक्स 100 चं तेच झालं. तिच्या जागी मोठ्या इंजिनाची 135 आली, तरी पोरं अजून 98 सीसीचीच विचारतात. नव्याने जे काढून घेतलं त्याची चाहत असलेला माणूस निघाला की जुन्याचा भाव चढतो. गिऱ्हाईक एकच पुरतं, पण ते खरं असावं लागतं.

कॉन्टेसा 2002 मध्ये बंद झाली. आता तिचेही दिवस फिरले आहेत, आणि मागणी आहे ती पीथमपूरच्या इंजिनालाच. परवा ओळखीतला एक मुलगा आला. वडिलांची पहिल्या खेपेची कॉन्टेसा, मूळ 1489 सीसीच्या इंजिनासकट, शेडमध्ये तशीच उभी होती. इसुझू बसवून घेऊ का, भाव वाढेल, म्हणाला. मी त्याला हात लावू दिला नाही. त्या वेळी जवळजवळ सगळ्यांनी इंजिन बदललं, त्यामुळे आता न बदललेलीच दुर्मिळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही नंबरांचे ठसे घेतले, मूळ बिल आणि आरसी एका पाकिटात घातली, चारी बाजूंनी फोटो काढायला सांगितले. विमा कंपनीला कळवायचा आकडा मी चिठ्ठीवर लिहून दिला. तो इसुझूवाल्या कॉन्टेसाच्या आकड्याइतकाच आहे, आणि कंपनीने घासाघीस केली तर मी स्वतः जाऊन बसणार आहे.