बुरुजातला गोलंदाज

आज ‘गोलंदाज’ म्हटलं की चेंडू घेऊन धावत येणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. पेशवाईत तोच शब्द ऐकून सरदार पानशांच्या तोफखान्यातला, दारूच्या धुरानं काळवंडलेला माणूस दिसला असता. ‘अंदाज’ म्हणजे फारसीत फेकणारा. तीर फेकणारा तीरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. तोफा गेल्या आणि शब्द मैदानावर आला, तोही सुखानं.

इंग्रजीतल्या ‘गन’ची कुळकथा याहून विलक्षण आहे. चौदाव्या शतकात, १३३० च्या सुमारास, विंडसरच्या किल्ल्यातल्या शस्त्रांची यादी झाली. तीत एका अजस्र युद्धयंत्राचं नाव ‘लेडी गुनिल्डा’ असं नोंदलं आहे. गुनिल्डा हे जुन्या नॉर्स भाषेतलं बाईचं नाव. त्याचे दोन तुकडे केले तर दोन्हींचा अर्थ एकच निघतो: लढाई आणि लढाई. ‘गन’चा उगम व्युत्पत्तिकार या बाईपाशी नेतात, आणि गन चालवणारा तो ‘गनर’.

दुसऱ्या महायुद्धात या गनरांना थेट आकाशात नेऊन बसवलं. लँकेस्टर जातीच्या ब्रिटिश बाँबर विमानात सात माणसं असत, त्यांतले दोन गनर. एक पाठीवरच्या काचेच्या घुमटात, दुसरा पार शेपटीत. बसण्याच्या या जागेला इंग्रजीत ‘टरेट’ म्हणतात, म्हणजे लहानसा मनोरा. मराठीत तिला बुरूजच म्हणायला हवं. आपल्या किल्ल्यांचा ‘बुरूज’ अरबी ‘बुर्ज’वरून आला आहे.

अँड्र्यू मिनार्स्की हा पाठीवरच्या बुरुजातला गोलंदाज होता. तो कॅनडातल्या विनिपेगचा, जन्म १९१६, आईवडील पोलंडहून आलेले. वडील लवकर गेले. पोरानं फरच्या धंद्यात काम करून घराला हातभार लावला आणि १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात नाव घातलं. ‘अँड्र्यू’च्या मुळाशी ग्रीक भाषेतला पुरुषवाचक शब्द आहे, आणि तो आपल्या ‘नर’चा सख्खा नातेवाईक. ‘मिनार्स्की’ पोलिश ‘म्विनाश’वरून आलं आहे. त्याचा अर्थ गिरणीवाला, धान्य दळून देणारा. ज्याच्या नावात दळण आहे, त्याच्या हाती मशीनगन आली.

सात जणांच्या अशा संचाला ‘क्रू’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द वाढ, भर या अर्थाचा होता, म्हणजे फौजेला कुमक म्हणून धाडलेली जादा माणसं. पुढे तो जहाजावरच्या आणि मग विमानातल्या माणसांना लागला. ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडमध्ये क्रू जमवण्याची रीत मला फार माणुसकीची वाटते. ज्याच्या त्याच्या कामाचं प्रशिक्षण संपलं की पायलट, नॅव्हिगेटर, गनर असे सगळे एका मोठ्या शेडमध्ये सोडत आणि आपापली माणसं आपणच निवडा म्हणत. चेहरा बघून, दोन वाक्यं बोलून माणसं एकमेकांच्या हाती जीव देत.

या माणसांची बोली हा वेगळाच विषय आहे. समुद्रात सुरुंग पेरणं म्हणजे ‘बागकाम’, आणि सुरुंग म्हणजे ‘भाजी’. तीस खेपा पुऱ्या केल्या की एक ‘टूर’ पूर्ण होई. हा ‘टूर’ फ्रेंच आणि लॅटिनमधून मागे ग्रीक ‘तोर्नोस’पर्यंत जातो, म्हणजे वर्तुळ आखण्याच्या किंवा लाकूड कातण्याच्या अवजारापर्यंत. जिथून निघालो तिथे परत येणं त्या शब्दातच आहे. न परतलेल्याला मात्र कुणी ‘मेला’ म्हणत नसे. ‘बर्टनला गेला’ म्हणत. बर्टन हे बिअरसाठी प्रसिद्ध गाव, म्हणून कुणी म्हणतं, मित्र जरा प्यायला गेलाय असं सुचवायचं होतं. कुणी बर्टन नावाच्या कपड्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतं. वाद मिटलेला नाही.

मराठी माणसाला ही बोली समजायला कोश लागत नाही. आपणही घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. डब्यातले तांदूळ संपले तरी ‘वाढले’ म्हणतो, बांगडी फुटली तरी ‘वाढवली’. अशुभ घडतं तिथे शब्द तरी शुभ असावा, एवढीच ती धडपड. रात्री उड्डाणाला जाणाऱ्या विशीतल्या पोरांनी ती केली, यात मला पळपुटेपणा दिसत नाही. त्या शब्दांशिवाय त्यांना दुसऱ्या रात्री विमानाची शिडी चढता आली नसती.

१२ जून १९४४ च्या रात्री मिनार्स्कीचं विमान फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं. १३ तारीख लागल्यावर जर्मन लढाऊ विमानानं त्याला गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली आणि पायलटनं उड्या मारण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की दाराकडे निघाला, तर शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी आपल्या बुरुजात अडकलेला दिसला. बुरूज फिरवणारी यंत्रणा बंद पडली होती आणि हातानं फिरवायचा दांडा तुटला होता. मधे आग. मिनार्स्की त्या आगीतून सरपटत गेला आणि कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी, बुरूज हलवू लागला. त्याचे कपडे पेटले, पॅराशूट पेटलं. हा शब्द फ्रेंच आहे. ‘पारा’ म्हणजे अडवणारं, ‘शूट’ म्हणजे पडणं. ब्रॉफीनं जा म्हणून खुणावलं. दाराशी जाऊन मिनार्स्कीनं पेटलेल्या अंगानिशी त्याला सलाम ठोकला आणि उडी घेतली. इंग्रजी ‘सॅल्यूट’च्या मुळाशी ‘प्रकृती ठीक असो’ अशी लॅटिन शुभेच्छा आहे, आणि ‘सलाम’च्या मुळाशी सुखरूपपणा. त्या क्षणी सुखरूपपणाची इच्छा कोण कुणासाठी करत होतं!

खाली फ्रेंच माणसांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे गेला. फ्रान्समधल्या मेहारिकूरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. आणि ब्रॉफी वाचला. विमान आदळलं तेव्हा तो बुरुजातून बाहेर फेकला गेला.

न परतलेल्यांच्या घरी तार जाई, आणि तीत शब्द असे ‘मिसिंग’. आपला ‘बेपत्ता’ फारसी ‘बे’ आणि ‘पत्ता’ मिळून झालेला. ज्याला पत्र पाठवता येत नाही तो. इंग्रजी ‘मिस’चं मूळ त्याच धातूत सापडतं ज्यातून संस्कृत ‘मिथ्या’ निघाला. आईनं तो कागद हातात धरून महिनोन्‌महिने थांबायचं, खरं काय ते कळेपर्यंत.

मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं ते १९४६ मध्ये, ब्रॉफीनं परतून सगळं सांगितल्यामुळे. ‘साक्षी’ या शब्दात ‘अक्ष’ आहे, डोळा. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो. महायुद्धात बाँबर कमांडचे ५५,५७३ वैमानिक आणि त्यांचे सहकारी मारले गेले. ज्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही अशा वीस हजारांवर हवाई सैनिकांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांतल्या कित्येकांचं शेवटी काय झालं हे पाहिलेला कुणी उरला नाही, कारण विमानातले सातही जण बरोबरच गेले.