निजाम म्हणजे राजा की सुभेदार? बादशहाचा प्रतिनिधी पदभार कसा घ्यायचा?

छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीवरून जालना रोडने पूर्वेकडे निघालात, तर जालना ओलांडल्यावर बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्डा हे गाव आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी तिथे मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंचे सेनापती मुघल बादशहाचेच सरदार होते. भांडण एकाच पदाचं होतं, दख्खनच्या सुभेदारीचं.

सुभेदार म्हणजे नेमका कोण?

सुभा म्हणजे मुघल साम्राज्याचा प्रांत. दख्खनमध्ये असे सहा सुभे होते: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. त्या सगळ्यांवर बादशहाच्या वतीने सुभेदार बसायचा. १६३६ मध्ये शहाजहानने हे पद आपल्या मुलाला, औरंगजेबाला दिलं, तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता. पद वंशपरंपरेने मिळत नसे. बादशहाची मर्जी फिरली की बदली! शिवाय सुभेदार डोईजड होऊ नये म्हणून महसुलाचा हिशेब वेगळ्या दिवाणाकडे असायचा.

पदभार कसा घेतला जायचा?

आजच्यासारखा शपथविधी नव्हता. महत्त्वाचं होतं ते फर्मान, म्हणजे बादशहाचा लेखी हुकूम. ते येतंय असं कळलं की अधिकारी ते घ्यायला शहराबाहेर सामोरे जायचे. फर्मान डोक्याला लावायचं, बादशहा समोर असल्यासारखा मुजरा करायचा आणि सोबत आलेला मानाचा पोशाख, म्हणजे खिलत, अंगावर चढवायची. नाणी आणि शुक्रवारचा खुतबा मात्र बादशहाच्याच नावाने. (कागदाचा मान आजही आहे. राज्यपालांच्या शपथविधीत आधी राष्ट्रपतींचं नियुक्तीचं अधिपत्र वाचून दाखवतात.)

मग १७२४ मध्ये काय बिनसलं?

निजाम-उल-मुल्कला दख्खनची सुभेदारी पहिल्यांदा १७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहाने दिली आणि दोनच वर्षांत काढूनही घेतली. १७२० मध्ये त्याने बाळापूरला सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याला हरवून दख्खन पुन्हा ताब्यात घेतलं. १७२२ मध्ये तो दिल्लीत वजीर झाला, पण तिथल्या राजकारणाला कंटाळून परत दख्खनकडे निघाला. इकडे दरबाराने सुभेदारी हैदराबादच्या मुबारिझ खानाला दिली होती. म्हणजे कागद मुबारिझ खानाकडे होता आणि फौजेचा जोर निजामाकडे.

साखरखेर्ड्याला मुबारिझ खान मारला गेला. १७२५ मध्ये मुहम्मदशाह बादशहाने जे घडलं तेच मान्य केलं. त्याने निजामाची सुभेदारी कायम केली आणि वर ‘आसफजाह’ हा किताबही दिला. नेमणूक आधी आणि पदभार नंतर, हा क्रम इथे चक्क उलटा झाला.

मग निजाम ‘स्वतंत्र’ झाला का?

सोशल मीडियावर ‘१७२४ ला निजामाने स्वातंत्र्य जाहीर केलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं. कर, फौज, तह, नेमणुका हे सगळं तो स्वतः ठरवत होता. पण त्याने स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं नाही. १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला तो वारला आणि खुलताबादला दफन झाला, तोही सुभेदार म्हणूनच. १७६३ मध्ये त्याचा मुलगा निजाम अली याने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली. तरीही हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचं नाव राहिलं, ते थेट १८५७ च्या उठावानंतर बादशाहीच संपेपर्यंत.