बुंददाणा, चूल आणि वीज

कॉफी म्हटली की आपल्याला बरणीतली तयार पूड आठवते. पण कॉफीच्या बीला मराठीत एक जुना शब्द आहे, बुंददाणा. अरबीतल्या ‘बुन’वरून तो आला. ‘कहवा’ही अरबीच. म्हणजे ही बी आपल्याकडे इंग्रजांच्या बोटाला धरून आलेली नाही. जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. इथले धर्मनिष्ठ लोक मद्याला शिवत नाहीत, एका काळ्या बीचे उकळलेले पाणी पितात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

ही बी काळी होते ती भाजल्यावर. कच्चा दाणा फिकट हिरवा असतो आणि भाजलेला दाणा कधीच उगवत नाही. अरब व्यापारी उकळलेले किंवा भाजलेलेच दाणे बाहेर जाऊ देत, असे सांगतात. आगीचेच कुलूप होते ते! सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी फकिराने येमेनहून सात कच्चे दाणे लपवून आणले आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावले, अशी आख्यायिका आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दाण्यावर हवेचाही अंमल चालतो. शिडाच्या जहाजातून मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचायला महिनोन्‌महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणा फुगे, पिवळा पडे, त्याची आंबट धार जाई. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास थोडक्यात आटोपू लागला. तेव्हा युरोपातले गिऱ्हाईक म्हणू लागले, ती जुनी चव कुठे गेली? शेवटी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा देण्याची रीत सुरू झाली.

मेडशी हे माझे गाव अकोला-वाशीम रस्त्यावर. इथे समुद्र नाही, पण आमच्या वऱ्हाडाच्या वरच्या अंगाला चिखलदरा आहे आणि तिथे कॉफी पिकते. तिथले कच्चे दाणे हाती आले की मी ते घरीच भाजतो. मे महिन्यात दाणा कोरडाठाक असतो, लवकर रंग धरतो. श्रावणात तोच दाणा ओल धरून बसतो. आधी ती ओल उडवण्यात आच खर्ची पडते. शंभर ग्रॅम दाणे भाजून साधारण पंच्याऐंशी ग्रॅम उरतात. गेलेला भाग बराचसा पाणीच.

विजेच्या भाजणीयंत्राची गोष्ट आणखी निराळी. दाब 230 व्होल्टवरून 180 वर आला, तर तारेची उष्णता त्याच प्रमाणात घटत नाही, वर्गाच्या प्रमाणात घटते. उरते जेमतेम 61 टक्के. संध्याकाळी गावभरचे दिवे, पंखे, मोटारी सुरू झाल्या, की दाणा भाजला न जाता नुसता शेकत राहतो आणि चव मिळमिळीत होते. मध्येच वीज गेली, तर पंखा थांबतो आणि तापलेल्या भांड्यातले दाणे करपतात. अशा वेळी ते चटकन सुपात ओतून पाखडावे लागतात.

कोराडी, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रे विदर्भातच आहेत. पारस तर शेजारच्या अकोला जिल्ह्यात. तरीही 2005 नंतरची काही वर्षे इथल्या खेड्यांनी रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. कोळसा इथला, धूर इथला, राखही इथली, आणि काळोखही इथलाच! यंत्रासोबत येणाऱ्या कागदावरची मिनिटे अखंड विजेच्या घरासाठी लिहिलेली असतात. अशा गावाचा विचार त्यांत नसतो.

म्हणून मिनिटांपेक्षा कानावर आणि नाकावर भिस्त ठेवावी. दोनशे अंशांच्या आसपास दाणा लाहीसारखा तडतडतो. त्याआधी गवताचा, मग भाजक्या पोळीचा वास येतो. इथिओपियात आजही पाहुण्यांसमोर तव्यावर दाणे भाजतात; तिथल्या बायाबापड्यांना हे घड्याळाशिवाय कळते. आपला भडभुंजाही तापल्या वाळूत फुटाणे भाजतो तो वाळूचा रंग आणि दाण्याचा आवाज ओळखूनच. हे ज्ञान कुठल्या तारेतून येत नाही, म्हणून तार तुटली तरी ते जात नाही. मात्र ते जपणारे हात थकत चालले आहेत. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून शिकून घ्यायला हवे.