शब्दवेध : प्लवक

दादरच्या बाजारातला सुका जवळा तळहातावर घ्या. काळे ठिपके दिसतात ते डोळे, बाकी अंग कागदासारखं. कोळंबीचा हा चिमुकला भाऊबंद शास्त्रज्ञ प्लवकांत धरतात. प्लवक शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘प्लु’ या संस्कृत धातूचा अर्थ तरंगणं, पोहणं, उडी मारणंही. म्हणून माकड ‘प्लवंग’, उलथापालथ ‘विप्लव’, आणि शके १९४३ चं संवत्सर ‘प्लव’. प्लवकांसाठीचा ‘प्लँक्टन’ हा शब्द १८८७ साली जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सेन यांनी ग्रीकवरून घडवला. मूळ अर्थ भटकणारा.

मला ग्रीक शब्दच नेमका वाटतो. प्लवकाची खरी खूण तरंगणं नव्हे, प्रवाहापुढे काही न चालणं ही. कोळ्यांची डोल याच भरवशावर उभी असते : पिशवीसारखं जाळं भरती-ओहोटीच्या तोंडावर बांधायचं, जवळा आपसूक आत.

प्लवकांची भरभराटही पाण्याच्या हालचालीवरच. हिवाळ्यात ईशान्येचे कोरडे वारे उत्तर अरबी समुद्राचा वरचा थर थंड करतात. जड झालेलं पाणी खाली जातं, खालचं नायट्रेट वर येतं आणि वनस्पती-प्लवकांचं पीक फोफावतं. त्यावर ताव मारणाऱ्या, लाट फुटताच निळं चमकणाऱ्या प्लवकाचं नाव नॉक्टिल्युका. लॅटिनमध्ये, रात्री उजळणारी.