मुळीपासून गोळीपर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाला अख्खा मराठवाडा ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण तिथल्या मनोविकार ओपीडीत यावा, डॉक्टरांनी त्याला तपासावे आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन त्याने त्याच दिवशी एसटीने गावी परतावे, यात आज कुणाला नवल वाटत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी हे कुणाच्या कल्पनेतही बसले नसते. घरातली कडी लावलेली खोली किंवा भिंतीआडचे इस्पितळ, एवढ्याच दोन जागा अशा माणसासाठी होत्या.

निजामाच्या राज्यात हे इस्पितळ जालन्याला होते, आणि जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. १९५३ मध्ये ते हैदराबादला एर्रागड्डा भागात हलवले गेले. तीन वर्षांनी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथल्या नातेवाइकांच्या वाट्याला पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाची वाट आली. मराठवाड्याचे इस्पितळ गेले ते नेमके कोणत्या वर्षांत, हे पाहण्यासारखे आहे. कारण भिंतीआडच्या इस्पितळाची गरजच कमी करणारे औषध त्याच सुमारास जगासमोर येत होते. त्या औषधाचे एक मूळ भारतात होते, अगदी शब्दशः.

सर्पगंधा हे जेमतेम गुडघाभर वाढणारे झुडूप. सह्याद्रीच्या ओलसर रानांपासून बिहार-बंगालपर्यंत ते आढळते. त्याची कडू मुळी सर्पदंश, ताप, निद्रानाश आणि वेड यांवर पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. ही मुळी पहिल्यांदा कुणी उगाळली, कुणाच्या आईने ती मुलाला चाटवली, याची नोंद कुठेही नाही. या कुळकथेतले सगळ्यात मोठे देणे त्या अनामिकांचे आहे.

आधुनिक संशोधनाच्या ठळक नोंदी सुरू होतात १९३१ पासून. त्या वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी तिच्यातली द्रव्ये वेगळी करत होते. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या आठवणीत ‘अजमलीन’ हे नाव दिले. पण जगाने या संशोधनाची फारशी दखल घेतली नाही.

ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी पद्धतशीर निरीक्षणे नोंदवली आणि १९४९ मध्ये ती ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आली. परंपरेचा अभिमान बाळगणारे तेव्हाही पुष्कळ होते. मोजून पाहणारे थोडे होते, आणि वकील त्या थोड्यांपैकी होते. औषध किती दिले, कुणाला दिले, रक्तदाब कितीने उतरला, हे आकडे त्यांनी मांडले म्हणूनच मुळीची गोष्ट ऐकीव राहिली नाही.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य, रेसरपीन, वेगळे केले. अमेरिकेत न्यू यॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि १९५४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. क्लाइन पुढे एक किस्सा सांगत. कोणत्या वॉर्डात औषध चालू आहे हे इस्पितळाच्या काच बसवणाऱ्या कारागिराला आपसूक कळले, कारण तिथल्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या थांबल्या होत्या.

त्याच काळात पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन हे दुसरे औषध मनोरुग्णांवर वापरले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन, देनिकेर आणि मुंबईचे वकील अशी तिघांची नावे आहेत.

मात्र या मुळीने उपचारापेक्षाही मोठे काम केले ते आजार समजून घेण्याचे. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले तेव्हा ते निपचित पडले. मेंदूत ज्याचे डोपामिन बनते ते एल-डोपा टोचताच काही मिनिटांत ते पुन्हा हिंडूफिरू लागले. रेसरपीनमुळे मेंदूतला डोपामिन या रसायनाचा साठा रिकामा होतो, हे त्यातून उलगडले. भास आणि संशय यांच्यामागे मेंदूतल्या रसायनांचाही हात असतो, याचा प्रयोगशाळेतला पुरावा जुळवायला इथून वाट मिळाली. पार्किन्सनच्या आजारावरचे औषधही याच वाटेने आले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

रेसरपीन स्वतः मात्र फार टिकले नाही. त्याने रक्तदाब खूप उतरे, काही रुग्ण खिन्न होत, आणि क्लोरप्रोमाझीन अधिक भरवशाचे ठरले. पुढे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापीन आली. ही काही मुळीची लेकरे नव्हेत, पण डोपामिनशी त्यांचे नाते आहे. आज मनाच्या आजारावर सर्पगंधेचे चूर्ण घरच्या घरी घेणे धोक्याचेच आहे. बाजारातल्या पुडीत किती द्रव्य आहे हे घेणाऱ्याला कळत नाही.

गोळी आली तरी ‘बाहेरची बाधा’ गेली नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळदंडाने बांधणे किंवा मारहाण करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात मराठवाड्यातल्या गावांमध्ये आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन निराशेची लक्षणे विचारायची, असे ठरले. जालन्याला ३६५ खाटांच्या नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयालाही मंजुरी मिळाली आहे.

खाटा हव्यातच. पण मराठवाड्यातल्या बहुतेक रुग्णांची गरज वेगळी आहे. बरे वाटू लागले की घरचेच म्हणतात, “आता कशाला गोळ्या?” आणि गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो. अशा वेळी पैठण किंवा कन्नडच्या माणसाला दर महिन्याला घाटीपर्यंतचे भाडे भरावे आणि एक दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये. त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात तीच गोळी न चुकता मिळावी, आणि ती का सोडायची नाही हे त्याच्या बायकोला, भावाला मराठीत नीट समजावून सांगणारे कुणी तिथे असावे.