३६ नंतरचं मेलबर्न: आश्वी खुर्दचा कॅप्टन आणि त्याने मांडलेला डाव

हेडफोन लावलेत ना? चला, आज जरा २०२० च्या डिसेंबरमध्ये जाऊ या.

१९ डिसेंबर, ॲडलेड. सकाळी चहा होईपर्यंत आपला दुसरा डाव संपलासुद्धा. स्कोअर ३६. कसोटीतली भारताची सगळ्यात कमी धावसंख्या. विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी निघालेला, मोहम्मद शमीचं मनगट मोडलेलं. मालिका ४-० ने जाणार, असं जाणकार उघड बोलत होते.

अशा वेळी कॅप्टनशिप आली अजिंक्य रहाणेकडे. जन्म आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत. मैदानावर आवाज न चढवणारा माणूस.

आता कबड्डी आठवा. मोठा रेडर बाहेर बसलाय, तर कॅप्टन काय करतो? त्याच्यासारखाच दुसरा शोधत बसतो, की हातात जे गडी आहेत त्यांच्या ताकदीप्रमाणे चाल बदलतो? मेलबर्नची गोष्ट नेमकी इथे सुरू होते.

कोहलीच्या जागी संघात कोण आलं? फलंदाज नाही, तर रवींद्र जडेजा, म्हणजे पाचवा गोलंदाज! ३६ वर गडगडलेला संघ एक फलंदाज कमी करतोय. वेडेपणा वाटतो ना? पण २०१७ ला धरमशालात रहाणे पहिल्यांदा कसोटी कॅप्टन झाला, तेव्हाही कोहली जखमी होता आणि त्याच्या जागी नवखा कुलदीप यादव खेळला होता. त्याने पहिल्या डावात ४ विकेट घेतल्या आणि आपण मालिका जिंकलो. विचार सरळ आहे. कोहलीच्या धावा भरून काढता येत नसतील, तर समोरच्याच्या धावा कमी करा.

२६ डिसेंबर, बॉक्सिंग डे. ऑस्ट्रेलियाने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. खेळपट्टीत थोडा ओलावा होता. एरवी तिथे पहिल्या सकाळी फास्ट बोलरच राबतात. रहाणेने पहिल्याच तासात चेंडू अश्विनकडे दिला. मॅथ्यू वेड उंच मारायला गेला आणि झेल देऊन बसला. मग आला स्टीव्ह स्मिथ. लेग साइडला पुजारा उभा होता. चेंडू सरळ त्याच्या हातात, स्मिथ शून्यावर! ३ बाद ३८.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लेग साइडचा हा सापळा एकट्या रहाणेचा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना ऑफ साइडला धावाच द्यायच्या नाहीत, ही योजना रवी शास्त्री आणि बोलिंग कोच भरत अरुण यांनी दौऱ्याच्या कितीतरी आधी आखली होती. पण कागदावरची चाल कधी आणि कुणाच्या हातून खेळायची, हे मैदानातल्या माणसालाच ठरवावं लागतं.

आता मोहम्मद सिराज बघा. पहिलीच कसोटी. महिन्याभरापूर्वी वडील गेले, तरी पोरगा दौऱ्यावर थांबलेला. रहाणेने त्याला लंचपर्यंत चेंडूच दिला नाही. लंचनंतर बोलावलं, आणि ४८ वर जमलेला लाबुशेन त्याची पहिली विकेट ठरला. ऑस्ट्रेलिया सर्वबाद १९५.

मग रहाणेने स्वतः ११२ केल्या. जडेजासोबत १२१ ची भागीदारी. जडेजाच्या पन्नाशीची धाव घेताना रहाणे रनआउट झाला, पण चिडला नाही. त्यालाच धीर देऊन परतला.

दुसऱ्या डावात उमेश यादव चौथ्याच ओव्हरमध्ये पोटरी धरून बाहेर गेला. चारच गोलंदाज असते तर? उरलेल्या तिघांचा जीव गेला असता. पण पाचवा होता. जडेजाने २ विकेट काढल्या, सिराजने ३. आपण ८ विकेटने जिंकलो.

पुढे ब्रिस्बेनला तर मेलबर्नच्या पाच गोलंदाजांपैकी एकटा सिराज उरला. तिसऱ्या कसोटीत तोच बोलिंगचा म्होरक्या, आणि त्याने डावात ५ घेतल्या. शेवटच्या दिवशी ३२८ चा पाठलाग करताना ऋषभ पंतला मयांकच्या आधी, पाचव्या नंबरवर पाठवलं. ड्रॉसाठी खेळायचं असतं, तर असं कुणी केलं नसतं. पंत नाबाद ८९, आणि गाबावर १९८८ नंतर पहिल्यांदाच ऑस्ट्रेलिया हरली. मालिका २-१.

गाबाची रील आपण शंभरदा पाहिली असेल. पण कोण नाही याचं रडगाणं न गाता, कोण आहे आणि त्याला काय जमतं ते बघून डाव मांडायचा, ही सवय संघाला मेलबर्नमध्ये लागली. तुमच्या गल्लीतल्या टीमचा मुख्य बॅट्समन पुढच्या रविवारी लग्नाला गेला, तर मॅच रद्द करू नका. उरलेल्या दहा जणांकडे नीट बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!